विंडोज बंद पडले तरी फाईली वाचू शकतात

नागपूर-अमरावती मार्गावरील वाडी म्हणजे ट्रान्सपोर्ट कंपन्यांची आणि गोदामांची वस्ती. येथील लहानसहान कचेऱ्यांतूनही बिल्ट्या, गाड्यांचे हिशेब, टॅलीच्या नोंदी हे सारे बहुधा एकाच संगणकात साठविलेले असते. एके दिवशी तो सुरू होत नाही. निळ्या पडद्यावर त्रुटीचा संदेश येतो किंवा विंडोजचे चिन्ह नुसते फिरत राहते. दुरुस्तीसाठी दाखविल्यावर पुष्कळदा एकच सल्ला मिळतो, ‘फॉरमॅट करावे लागेल.’ हा सल्ला मान्य करण्यापूर्वी एक गोष्ट समजून घ्यावी. विंडोज बिघडणे आणि फाईली नष्ट होणे या दोन भिन्न घटना आहेत.

संगणक सुरू झाल्यावर तो हार्ड डिस्कवरील ऑपरेटिंग सिस्टीम शोधतो आणि तिच्या हाती कारभार सोपवितो. विंडोजच्या काही मोजक्या फाईली खराब झाल्या, की हा कारभारी उठत नाही. मात्र शेजारच्याच फोल्डरमधील पत्रे, छायाचित्रे, हिशेब जसेच्या तसे असतात. कुलूप बिघडले म्हणून कपाटातील दस्तऐवज जळत नाहीत, तसाच हा प्रकार. अशा वेळी दुसरा कारभारी बाहेरून आणता येतो. तो म्हणजे पेनड्राइव्हवरून चालणारी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम.

सीडीपासून पेनड्राइव्हपर्यंत

लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा पाया घातला. जर्मनीच्या क्लाउस नॉपर यांनी २००० साली ‘नॉपिक्स’ तयार केली. हार्ड डिस्कला हात न लावता केवळ सीडीवरून आणि संगणकाच्या रॅममधून चालणारी ही सिस्टीम बिघडलेल्या संगणकांच्या दुरुस्तीसाठी लोकप्रिय झाली. २००४ मध्ये ‘उबुंटू’ आली. तिची सीडी मागणी नोंदविणाऱ्यास २०११ पर्यंत टपालाने मोफत मिळत असे. आज सीडीची जागा पेनड्राइव्हने घेतली आहे. तत्त्व तेच आहे.

कृती

दुसऱ्या चालू संगणकावर ‘उबुंटू’ किंवा ‘लिनक्स मिंट’ची आयएसओ फाईल अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी. ती मोफत असते. ती पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून उपयोग नाही. ‘रुफस’ किंवा ‘बॅलेना एचर’ या प्रोग्रॅमने लिहावी लागते. पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा असावा. त्यावरील आधीचा मजकूर या क्रियेत पुसला जातो, हे ध्यानात ठेवावे.

पेनड्राइव्ह बिघडलेल्या संगणकाला जोडून तो सुरू करावा आणि लगेच बूट मेन्यूची कळ दाबावी. कंपनीनुसार ती एफ-१२, एफ-९, एफ-८ किंवा एस्केप असते. यादीतून पेनड्राइव्ह निवडावा. पुढे ‘ट्राय’ आणि ‘इन्स्टॉल’ असे दोन पर्याय आले, तर ‘ट्राय’च निवडावा. ‘इन्स्टॉल’च्या वाटेने गेल्यास जी डिस्क वाचवायची तीच पुसली जाण्याचा धोका असतो.

आता फाईल मॅनेजर उघडावा. येथे ‘सी’ किंवा ‘डी’ अशी अक्षरे दिसत नाहीत. डिस्क तिच्या नावाने किंवा आकाराने ओळखावी लागते. ‘युजर्स’ फोल्डरमध्ये आपल्या नावाखाली डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स सापडतात. वनड्राइव्ह चालू असल्यास हीच फोल्डरे त्याच्या आत असू शकतात. टॅलीचा डेटा मात्र बहुधा डॉक्युमेंट्समध्ये नसतो. टॅली प्राइमचा तो साधारणतः ‘युजर्स’मधील ‘पब्लिक’ फोल्डरमध्ये, तर जुन्या टॅलीचा थेट डिस्कवरील टॅलीच्या फोल्डरमध्ये असतो. हे सारे दुसऱ्या, बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करावे आणि काही फाईली उघडून खात्री करून घ्यावी.

विंडोज पूर्णपणे बंद झालेले नसेल, तर लिनक्स ती डिस्क केवळ वाचण्यापुरतीच उघडते. त्याची चिंता नको. आपल्याला वाचायचेच आहे.

मराठी मजकुराचे काय?

युनिकोडमध्ये टंकलिखित केलेला मराठी मजकूर कोठेही वाचता येतो. परंतु छपाईच्या व्यवसायातील, संस्थांच्या कार्यालयांतील अनेक जुने दस्तऐवज पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्री-लिपी’त किंवा सी-डॅकच्या ‘आयएसएम’मध्ये केलेले आहेत. त्यांचा विशिष्ट फॉन्ट नसल्यास पडद्यावर रोमन अक्षरांचा अर्थहीन गोंधळ दिसतो आणि फाईल खराब झाल्याचा समज होतो. म्हणून ‘विंडोज’ फोल्डरमधील ‘फॉन्ट्स’ हे फोल्डरही आठवणीने कॉपी करावे.

केव्हा थांबावे?

हार्ड डिस्कमधून ‘टक्-टक्’ किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल, तर संगणक तत्काळ बंद करावा. हा यांत्रिक बिघाड आहे. प्रत्येक वेळी सुरू केल्याने हानी वाढते आणि तेथे तज्ज्ञांची प्रयोगशाळाच गाठावी लागते. आवाज नाही, पण कॉपी करताना डिस्क वारंवार अडत असेल, तर ‘डीडीरेस्क्यू’ हा मोफत प्रोग्रॅम उपयोगी पडतो. तो प्रथम सुस्थितीतील भाग उचलतो आणि खराब भागाकडे नंतर वळतो. चुकून पुसलेल्या फाईलींसाठी ‘फोटोरेक’ आहे. मात्र सापडलेल्या फाईली त्याच डिस्कवर कधीही साठवू नयेत. एसएसडीवर पुसलेली फाईल परत मिळण्याची आशा फारच थोडी असते, कारण ‘ट्रिम’ या सोयीमुळे मोकळी झालेली जागा लवकरच रिकामी केली जाते.

दुसरी अडचण बिटलॉकरची. विंडोज ११ असलेल्या अनेक नव्या संगणकांत डिस्क आपोआप कूटबद्ध होते. अशी डिस्क ४८ अंकी रिकव्हरी की दिल्याखेरीज लिनक्समध्येही उघडत नाही. ही की बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. संगणक चालू असतानाच ती कागदावर उतरवून ठेवावी. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक ठप्प झाले, तेव्हा अनेक ठिकाणी ही की शोधण्यातच वेळ गेला. त्या संगणकांतील माहिती शाबूत होती. अडले होते ते केवळ विंडोजचे सुरू होणे.

दुसरी बाजू

विंडोजचा पासवर्ड विंडोज चालू असेल तरच आडवा येतो. कूटबद्ध नसलेली डिस्क पेनड्राइव्ह घेऊन आलेल्या कोणालाही वाचता येते. आपल्या फाईली वाचविणारी ही युक्ती परक्याच्या हाती त्या सोपविणारीही ठरू शकते. त्यामुळे जुना संगणक विकताना डिस्क काढून घ्यावी किंवा पूर्णपणे पुसावी.

जीएसटी कायद्यानुसार हिशेबाच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. संगणक बिघडला, ही सबब तेथे पुरेशी ठरत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, वीज येत-जात राहते आणि डिस्कचे आयुष्य कोणाच्याही हाती नसते. म्हणून आठवड्यातून एकदा हिशेबाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क कचेरीत न ठेवता घरी न्यावी. लिनक्सचा पेनड्राइव्हही आधीच तयार करून ठेवावा. आणि कोणी ‘फॉरमॅट करू का?’ असे विचारले, तर ‘आधी फाईली काढून घेऊ’ हेच उत्तर द्यावे.