खोगीरभरती : एका मोटारीच्या बैठकीचा शोध

निरुपयोगी मजकुराला आपण ‘खोगीरभरती’ म्हणतो. खोगिराच्या आत काय कोंबले आहे ते कोणी उघडून पाहत नाही, म्हणून हाती लागेल ते भरावे, असा त्यामागचा भाव. जुन्या मोटारींविषयी मी बरीच वर्षे वाचतो आहे. त्या लिखाणात इंजिन असते, चासी असते, मालकांची नावे असतात. माणूस ज्यावर बसला त्या बैठकीविषयी मात्र क्वचितच काही असते. गेल्या उन्हाळ्यात पळसदरीला मला काही सापडले, ते या भरतीतच.

कर्जतहून खोपोलीकडे निघाले की पळसदरी हे पहिले स्थानक. १८५६ मध्ये जी. आय. पी. रेल्वे येथून खोपोलीपर्यंत गेली. १८५८ मध्ये पुणे-खंडाळा मार्ग सुरू झाला. पण १८६३ मध्ये बोरघाटाचा लोहमार्ग पुरा होईपर्यंत मधला चढ प्रवाशांनी पालखीने, तट्टावरून किंवा बैलगाडीने ओलांडला. जवळच्या माथेरानात आजही खासगी मोटारीला प्रवेश नाही. तेथे घोडा चालतो, म्हणजे खोगीरही चालते.

पळसदरीच्या एका शेतघराच्या शेडमध्ये एम. जी. टी. सी. ही दोन आसनी स्पोर्ट्स कार दुरुस्तीसाठी उघडून ठेवली होती. इंग्लंडमध्ये १९४५ ते १९४९ या काळात अशा सुमारे दहा हजार गाड्या बनल्या. पत्र्याच्या आत अ‍ॅश लाकडाचा सांगाडा, १२५० सी. सी. चे इंजिन, तारांच्या आऱ्यांची उंच चाके. बसण्याच्या जागी खरे चामडे आणि जेथे घासत नाही तेथे नकली, अशी मूळ बैठक. मालकांना आता सगळे नवे, मापाबरहुकूम शिवून हवे होते. चामडे आले होते. जुने काढून जाळायचे ठरले होते.

मी एक दिवस मागून घेतला. त्याला कारण होते. पंधराएक वर्षांपूर्वी अशाच एका गाडीच्या जुन्या गाद्या माझ्यासमोर शेकोटीत गेल्या आणि मी चहा पीत गप्पा मारत राहिलो. त्या गाडीविषयी माझ्या वहीत एक ओळही नाही.

सीटचे काम करणारे वस्ताद सत्तरीचे. त्यांनी पाठीची गादी उलटी केली आणि लाकडावरची भोके दाखवली. “मोजा साहेब. चुकांच्या तीन रांगा आहेत. म्हणजे तीनदा मढवलंय.” मग आम्ही थर सोडवत गेलो. वर लाल रेक्झिन, त्याखाली हिरवे रेक्झिन, त्याखाली गोणपाट आणि काथ्या. अगदी तळाशी, पायपिंगच्या दुमडीत, मूळ चामड्याची बोटभर पट्टी. ऊन न लागल्याने तिचा रंग शाबूत होता.

रेक्झिन हे मूळचे एका ब्रिटिश नकली चामड्याचे व्यापारी नाव. सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप दिलेले. आपल्याकडे ते सगळ्याच नकली चामड्याचे नाव झाले. काथ्या मात्र इंग्लंडच्या कारखान्यातला नव्हे, तो आपल्या किनाऱ्यावरचा. तो या गाडीत का आला, याचे उत्तर काळात शोधता येते. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली, की देशात टप्प्याटप्प्याने उत्पादन करणाऱ्या कंपन्यांनाच परवानगी असावी. १९२८ पासून मुंबईत मोटारी जोडणारी जनरल मोटर्स १९५४ मध्ये निघून गेली. परदेशी गाडी आणि तिचे सुटे भाग मिळणे दुर्मीळ झाले. गाडी चालती ठेवायची तर जे हाताशी आहे तेच भरावे लागे.

हिरव्या थराची शिवण पाहून वस्ताद थांबले. मेणाचा दोरा, दोन्ही बाजूंनी दोन सुया घालून घातलेले टाके. मशीनच्या शिवणीत एक टाका तुटला की पुढचे सुटू लागतात, या शिवणीत सुटत नाहीत. म्हणून खोगीर आणि पट्टे असेच शिवतात. “हा हात मोटारवाल्याचा नाही,” ते म्हणाले. तो कोणाचा, हे एका शिवणीवरून ठरवणार नाही. पण घोड्याच्या सरंजामातले कसब मोटारीत उतरल्याची ही खूण नक्कीच आहे.

जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने २०१२ मध्ये मंजूर केलेली तुरीन सनद सांगते, की वाहनाच्या आयुष्यातले बदलही त्याच्या इतिहासाचा भाग आहेत. आपल्या केंद्र सरकारचे २०२१ चे नियम पन्नास वर्षांवरील मूळ स्वरूपातल्या वाहनांना ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक देतात. त्यात चासी, बॉडी आणि इंजिन यांतल्या बदलांचा स्पष्ट उल्लेख आहे, गादीचा नाही. म्हणजे गादीचा इतिहास टिकणे मालकाच्या मर्जीवर आणि कारागिराच्या डोळ्यावर अवलंबून.

मालकांशी तासभर बोलणे झाले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते : कुजका काथ्या घेऊन गाडी रस्त्यावर कशी काढायची? अखेर तोडगा निघाला. नवे चामडे त्या बोटभर पट्टीच्या रंगाशी जुळवून घ्यायचे, आणि चुका जुन्याच भोकांत ठोकायच्या. सोडवलेल्या प्रत्येक थराचा हातभर तुकडा फोटो आणि मापांसह सुती पिशवीत ठेवायचा.

ती पिशवी आता गाडीतच, पाठीच्या गादीमागे आहे. पिशवीवरची चिठ्ठी माझ्या अक्षरात आहे, पण तिच्यावरचे पहिले नाव वस्तादांचे आहे.