स्टिल्टखालची नऊ नंबरची जागा

बाबांच्या कपाटात एक निळी प्लास्टिकची फाइल आहे. तिच्यात घराचा करार, शेअर सर्टिफिकेट, जुनी वीजबिलं आणि बिल्डरच्या लेटरहेडवरची एक पावती. 'पार्किंग क्र. ९, रु. ६०,०००.' साल १९९६. बोरिवलीतलं घर घेताना बाबांनी हे पैसे वेगळे मोजले होते. तेव्हा आमच्याकडे फक्त स्कूटर होती आणि मी जन्मलोही नव्हतो. गाडी येईल तेव्हा येईल, जागा आत्ताच घेऊन ठेवावी, असा त्यांचा हिशेब.

गेल्या वर्षी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत विषय निघाला. ३२ घरं, स्टिल्टखाली १४ जागा आणि २३ गाड्या. सेक्रेटरी काका माझ्याकडे वळून म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस ना? वाटपाचा एखादा प्रोग्राम लिही बघू. भांडणं तरी मिटतील."

असा प्रोग्राम लिहायला दहा मिनिटं पुरतात. पण त्याआधी नियम माहीत हवेत. ते शोधायला बसलो आणि मागे जात जात १८९८ सालात पोहोचलो.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दाट वस्तीत हवा आणि उजेड नाही म्हणून रोग बळावतो, या समजुतीतून १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने जुन्या वस्त्या पाडून त्यांतून रुंद रस्ते काढले. प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आजचा शामलदास गांधी मार्ग, हा त्यांतलाच. समुद्राची हवा आतल्या कोंदट गल्ल्यांपर्यंत पोहोचावी, हा त्यामागचा एक हेतू होता. योगायोग असा की मुंबईत पहिल्या मोटारी आल्या त्याही १८९८ च्याच सुमारास. त्यांतली एक जमशेटजी टाटांची होती, असं सांगतात. हवेसाठी मोकळ्या केलेल्या त्या रस्त्याच्या कडेला आज काय उभं असतं, ते तिथून गेलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

बाकीची शहरं चारी दिशांना पसरू शकतात. मुंबईच्या तीन बाजूंना पाणी. त्यामुळे इथे जागेचा प्रत्येक प्रश्न शेवटी चौरस फुटांवर येतो. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींमधली खोली साधारण १६० चौरस फुटांची. त्यात अख्खं कुटुंब राहायचं, पाहुणे आले तर तेही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत एका मोटारीच्या जागेचं माप आहे २.५ मीटर बाय ५.५ मीटर. गुणाकार केला तर १४८ चौरस फूट. म्हणजे दिवसाचे बावीस तास नुसती उभी राहणारी गाडी जवळजवळ एका गिरणी कामगाराच्या बिऱ्हाडाएवढी जागा घेते. हा आकडा पाहिल्यावर सोसायटीतली भांडणं मला जरा वेगळी दिसू लागली.

आता बाबांच्या पावतीकडे येऊ. भाड्याच्या खोल्यांकडून मालकीच्या फ्लॅटकडे शहर वळलं, तेव्हा बिल्डरांच्या मनमानीला आळा घालायला १९६३ मध्ये महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स अ‍ॅक्ट आला. त्याला सगळे 'मोफा' म्हणतात. त्यातल्या 'फ्लॅट'च्या व्याख्येत गॅरेजचाही समावेश होता. तेव्हा गाड्याच इतक्या कमी होत्या की या शब्दावर कुणी भांडलं नसेल.

मग १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि मध्यमवर्गाच्या आवाक्यात गाडी आली. इमारतींना पार्किंग देणं बंधनकारक झालं. तळमजला खांबांवर मोकळा ठेवून तिथे गाड्या लावायची पद्धत रूढ झाली. तोच स्टिल्ट. पार्किंगसाठीचा हा भाग एफएसआयमध्ये धरला जात नाही. म्हणजे किती बांधकाम करायचं याची जी मर्यादा बिल्डरला असते, त्यातलं काहीच त्याला इथे खर्च करावं लागत नाही. आणि तरीही हीच जागा नंबर टाकून, पावती फाडून वेगळी विकली जाऊ लागली. आमचा नऊ नंबर त्यातलाच.

याचा निकाल लागला तो आमच्या पुढच्याच स्टेशनावरच्या दहिसरच्या एका इमारतीमुळे. नहालचंद लालूचंद ही बिल्डर कंपनी विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण सोसायटी. स्टिल्टमधल्या २५ जागा आपल्याच आहेत, सोसायटीने तिथे हक्क सांगू नये, असा कंपनीचा दावा. कायद्याने गॅरेज म्हणजे फ्लॅट, आणि स्टिल्टमधली जागा म्हणजे गॅरेज, म्हणून ती विकता येते, असा युक्तिवाद. दिवाणी न्यायालय, उच्च न्यायालय आणि शेवटी ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालय, तिन्ही ठिकाणी कंपनी हरली. ज्याला भिंतीच नाहीत ते गॅरेज नव्हे. स्टिल्ट ही इमारतीची सामाईक जागा आहे, जिन्यासारखी, गच्चीसारखी. बिल्डरला ती सुटी विकता येत नाही.

थोडक्यात, बाबांनी साठ हजारांत जे घेतलं, ते विकायला विकणाऱ्याकडे नव्हतंच.

इथे एक खुलासा. तुम्ही रेरानंतरच्या नव्या इमारतीत घर घेत असाल, तर गणित वेगळं आहे. महारेराच्या जुलै २०२१ च्या परिपत्रकानुसार उघड्यावरच्या पार्किंगसाठी बिल्डर पैसे घेऊ शकत नाही, पण आच्छादित पार्किंगसाठी घेऊ शकतो. मात्र जागा कुठे, किती मापाची, हे करारात लिहिलेलं हवं. नुसती पावती घेऊ नका. आमच्या निळ्या फाइलची शपथ.

जुन्या सोसायट्यांमध्ये पुढचं काम उपविधींचं. ते मी आयुष्यात पहिल्यांदा वाचले आणि ते जवळजवळ सुडोकोडसारखे निघाले. जागा मिळते ती वापरायला. ती विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. पात्र तो, ज्याच्याकडे गाडी आहे. सर्वसाधारणपणे एका सभासदाला एक जागा, आणि सगळ्यांना देऊन उरली तरच दुसरी. गाड्या जास्त आणि जागा कमी असतील, तर दरवर्षी चिठ्ठ्या. म्हणजे जागा कुणाचीच नाही, प्रत्येकाची फक्त पाळी.

आणि ज्यांची पाळी आली नाही, त्यांनी गेटबाहेर लावायची? रस्ता महापालिकेचा. आपल्या घरासमोर आहे म्हणून तो आपला होत नाही. कुंडी किंवा मोडकी खुर्ची ठेवून जागा अडवण्याला कायद्यात काही आधार नाही. फुटपाथ, बस थांबा, झेब्रा क्रॉसिंग, दुसऱ्याचं फाटक, इथे गाडी लावणं तर गुन्हाच. जुलै २०१९ मध्ये पालिकेने सार्वजनिक वाहनतळांच्या ५०० मीटर परिसरात बेकायदा उभ्या केलेल्या चारचाकीला किमान १०,००० रुपये दंड लावला, तेव्हा आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हाहाकार उडाला होता. त्या दिवसापर्यंत आपण फुकट काय वापरतोय, याचा विचार कुणी केला नसावा. मीही नाही.

प्रोग्राम लिहिला. सभेत लॅपटॉप उघडला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "त्याच्या आत काय चाललंय ते आम्हाला कुठे दिसतंय? आणि तुझ्या बाबांचंही नाव त्यात आहेच की." त्यांचं बरोबर होतं. लॅपटॉप मिटला. स्टीलचा डबा आला, २३ चिठ्ठ्या सगळ्यांसमोर घडी घालून त्यात टाकल्या आणि पहिल्या मजल्यावरच्या दुसरीतल्या मुलीने एकेक उचलली.

१४ चिठ्ठ्या निघाल्या. बाबांची त्यात नव्हती. नऊ नंबर काकूंना मिळाला. गेली सात वर्षं त्यांचा मुलगा गाडी स्टेशनजवळच्या पे अँड पार्कमध्ये लावून पावसात चालत घरी यायचा, हे मला त्या दिवशी कळलं.

बाबा काही बोलले नाहीत. निकाल मी त्यांना आधीच वाचून दाखवला होता, पण वाचणं वेगळं आणि आपल्या जागेत दुसऱ्याची गाडी शिरताना पाहणं वेगळं. त्या रात्री मीच गाडी पे अँड पार्कला लावून आलो. घरी आलो तर ती पावती टेबलावर होती. फाडायची का, असं मी विचारलं.

"राहू दे," बाबा म्हणाले आणि त्यांनी ती परत फाइलमध्ये ठेवली. मग थोड्या वेळाने, "पुढच्या वर्षी चिठ्ठ्यांची घडी मी घालीन. तू फार घट्ट घालतोस."