संयुक्त दस्तऐवज आणि मराठी अक्षर : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात

लिखित कागद एका व्यवस्थेतून दुसऱ्या व्यवस्थेत नेण्याचा प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही. भंडारा जिल्हा १८५३ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता आणि त्या काळच्या मराठी दप्तराची लिपी मोडी होती. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नसल्यामुळे मोडी कागद बाळबोधीत उतरविणाऱ्यास तो भेद आपल्या भाषाज्ञानातून भरून काढावा लागतो. म्हणजे लिप्यंतर करणारा हा केवळ नक्कल करणारा नसून वाचकही असावा लागतो. संगणकीय दस्तऐवजांच्या इतिहासात हेच तत्त्व नव्या रूपाने प्रत्ययास येते.

ज्या एकाच फाईलमध्ये मजकूर, तक्ता, आलेख व नकाशा एकत्र नांदतात, तिला संयुक्त दस्तऐवज म्हणता येईल. भंडारा जिल्ह्यातील माजी मालगुजारी तलावांवरील, म्हणजे मामा तलावांवरील, एखादा अहवाल डोळ्यांसमोर आणावा. त्यात गावाचे वर्णन मराठीत, ओलिताच्या क्षेत्राचा तक्ता आकड्यांत, तर तलावाचे स्थान नकाशात दाखविलेले असणार. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला. तेव्हा त्यापूर्वीच्या अखंड जिल्ह्याची माहिती दोन्ही जिल्ह्यांना आवश्यक ठरते. दस्तऐवजांची देवघेव ही येथे सोयीची बाब नसून कारभाराची गरज आहे.

या देवघेवीचा इतिहास दुहेरी आहे. पहिला इतिहास पात्राचा, म्हणजे फाईलच्या रचनेचा. १९८९ मध्ये संयुक्त दस्तऐवजांसाठी आयएसओ ८६१३ हे आंतरराष्ट्रीय मानक सिद्ध झाले. परंतु व्यवहारात प्रभाव पडला तो मायक्रोसॉफ्टच्या १९९० मधील ‘ओएलई’ या पद्धतीचा. तिच्या योगाने दस्तऐवजात बसविलेल्या तक्त्याची मूळ सामग्री आणि त्याचे दृश्य चित्र अशा दोन्ही गोष्टी साठविल्या जात. परक्या संगणकास मूळ सामग्री उलगडता आली नाही, तर हाती केवळ चित्र उरे. अॅपलच्या पुढाकाराने निघालेली ‘ओपनडॉक’ ही प्रतिस्पर्धी योजना १९९७ मध्ये सोडून देण्यात आली. पुढे ‘ओपन डॉक्युमेंट’ स्वरूपास २००६ मध्ये व मायक्रोसॉफ्टच्या ‘ओपन एक्सएमएल’ स्वरूपास २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. दुसऱ्या स्वरूपाच्या मान्यतेस भारताने विरोधी मत दिले होते. २०१० मध्ये केंद्र सरकारने ई-शासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले. पात्राचा प्रश्न अशा रीतीने बराचसा सुटला.

दुसरा इतिहास अक्षराचा. तो अधिक गुंतागुंतीचा आहे. कानपूरच्या आयआयटीत आरंभ झालेले आणि पुण्याच्या सी-डॅक संस्थेने पुढे नेलेले भारतीय लिप्यांचे कार्य १९९१ च्या ‘इस्की’ मानकात स्थिरावले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तथापि मुद्रणाच्या व्यवहारात रूढ झाले ते निराळेच तंत्र. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. कृतिदेवात ‘कि’ हे अक्षर रोमन ‘एफ’ व ‘डी’ यांच्या रूपाने साठविले जाते : ‘एफ’च्या जागी वेलांटी, ‘डी’च्या जागी क. युनिकोडमध्ये मात्र क आधी व वेलांटी नंतर येते. त्यामुळे असे रूपांतर केवळ चिन्हामागे चिन्ह ठेवून होत नाही. क्रमही बदलावा लागतो.

येथेच संयुक्त दस्तऐवजाचे खरे महत्त्व कळून येते. मजकूर आणि त्याचा वेष या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे सामान्यतः मानले जाते. परंतु वरील पद्धतीने लिहिलेल्या मराठी दस्तऐवजात फाँटचे नाव हा अर्थाचाच भाग असतो. अमुक अक्षरे कृतिदेवातील म्हणून मराठी आणि तमुक साध्या रोमन फाँटातील म्हणून इंग्रजी, हे ज्ञान केवळ त्या वेषात नोंदलेले असते. मजकूर ‘साधा’ करून उचलला की ते ज्ञान नष्ट होते, आणि रूपांतर करणारी आज्ञावली इंग्रजी शब्दांनाही देवनागरीत ओढून निरर्थक करते. तक्त्याचे केवळ चित्र उरले असेल, तर त्यातील अक्षरे रूपांतराच्या कक्षेबाहेरच राहतात.

अखेरची परीक्षा मराठीच्या विशिष्ट वर्णांवर होते. रूपांतरात ‘शेतकऱ्यांना’ हे रूप ‘शेतकर्यांना’ असे होऊन बसल्याचे वारंवार आढळते. हा केवळ शुद्धलेखनाचा दोष नव्हे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट जागा. हिंदीस हा भेद लागत नाही, मराठीस लागतो. शिवाय अचूक रूप देऊन शोध घेणाऱ्यास बिघडलेल्या रूपाची नोंद सापडत नाही. जी नोंद शोधूनही सापडत नाही, ती दप्तरात असून नसल्यासारखीच होय. ‘ॲ’ या अक्षरास तर युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळण्यास २००८ साल उजाडावे लागले.

यावरून निष्कर्ष असा निघतो की, जुन्या मराठी फाईलींचे रूपांतर मूळ स्वरूपातूनच, फाँटांची नोंद कायम असताना, झाले पाहिजे. ते मराठी जाणणाऱ्याने तपासले पाहिजे. आणि रूपांतरानंतरही मूळ फाईल व तिचा फाँट जपून ठेवले पाहिजेत. मोडीच्या मूळ कागदाकडे आजही पुन्हा जाता येते, कारण तो कोणी फेकून दिला नाही. १९९० नंतरच्या फाईलींच्या वाट्याला निदान तेवढी काळजी यावी.