मॉडचे स्वहस्ते व्यवस्थापन

मॉड म्हणजे संगणकीय खेळात बदल घडवणारा, बहुधा खेळाडूंनीच तयार केलेला फायलींचा संच. वॉल्व्ह कंपनीच्या स्टीम वर्कशॉप (२०११) या सेवेत मॉडचे सदस्यत्व घेतल्यास तो आपोआप डाउनलोड व अद्ययावत होतो. मात्र मॉडची नवी आवृत्ती जुन्या जतन केलेल्या खेळाशी विसंगत ठरल्यास तो खेळ बिघडू शकतो.

पद्धत

रिमवर्ल्ड (२०१८) या खेळात मॉडची प्रत खेळाच्या ‘मॉड्स’ फोल्डरमध्ये ठेवल्यास तिची आवृत्ती स्थिर राहते. तोच मॉड यादीत दोनदा दिसू नये म्हणून त्याचे सदस्यत्व रद्द केले जाते.

मर्यादा

दुरुस्त्या मिळवणे, पूरक मॉड जोडणे व मॉडचा क्रम राखणे ही जबाबदारी खेळाडूवर येते.