गोचीड, गाय आणि परतीची वाट असलेला कर्करोग

पनवेलसह रायगड जिल्ह्यात पिढ्यानपिढ्या आढळणारी गाय म्हणजे कोकण कपिला. अंगाने लहान, दुधाला बेताची, पण कोकणातला पाऊस आणि गोचीड दोन्ही सोसणारी. १९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे बाएफ संस्था स्थापन केली आणि होल्स्टीन-जर्सी संकराचे युग महाराष्ट्रात जोमाने सुरू झाले. दूध वाढले. सोबत एक जुना रोग नव्या तीव्रतेने समोर आला. त्याचे नाव थायलेरिओसिस.

या रोगाचा परजीवी १९०४ साली झुंकोव्स्की आणि लुस यांनी कॉकेशसच्या गुरांत नोंदवला. गोचिडाच्या लाळेतून तो गाईच्या पांढऱ्या पेशीत शिरतो आणि तिला मारत नाही. उलट अखंड विभागायला लावतो. पेशी दुभंगताना तोही तिच्याबरोबर वाटला जातो. सुजलेल्या लसीका ग्रंथीतील द्रव काचेवर रंगवला की पेशींत निळे ठिपके दिसतात. त्यांना ‘कॉखचे निळे कण’ म्हणतात. हा कॉख म्हणजे १८९७ साली प्लेगच्या पाहणीसाठी मुंबईत आलेला रॉबर्ट कॉखच.

रक्ताच्या कर्करोगाशी असलेले हे साम्य वरवरचे नाही. गुरांचा खरा रक्तकर्करोग घडवणारा विषाणू १९६९ साली सापडला. त्याची लागण जन्मभर सुटत नाही. इथे मात्र औषधाने परजीवी मेला की बेफाम वाढणारी पेशीही थांबते. परतीची वाट असलेला असा कर्करोग जीवशास्त्रात विरळाच.

आणि रोगाचे हेच बळ माणसाच्या कामी आले. १९४५ साली तेव्हाच्या पॅलेस्टाईनमध्ये त्सुर या संशोधकाने या पेशी काचपात्रात वाढवल्या. पिढ्यामागून पिढ्या वाढवता परजीवी दुबळा होतो, तीच लस. भारतात ती हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सने ‘रक्षावॅक-टी’ या नावाने आणली. ती द्रव नायट्रोजनमध्ये जपावी लागते, म्हणजे ज्या थंडाव्यात संकराचे वीर्य गावोगाव पोहोचले, त्याच थंडाव्यात!

बुपार्वाक्वोन हे औषध १९८० च्या दशकात आले. पण ते वेळेवर दिले तरच गुण. म्हणून संकरित गाईला सणसणीत ताप आला आणि खांद्यापुढची गाठ सुजली की पशुवैद्य आधी रक्त व ग्रंथीची काचपट्टी पाहतो. गाईच्या अंगावरचे गोचीड वेचून मात्र भागत नाही. मादी गाय सोडून गोठ्याच्या भिंतीतल्या भेगांत शिरते आणि तिथेच हजारो अंडी घालते.