सरंजाम की सार्वभौमत्व? : दादरा व नगर हवेलीच्या वादाचे एक पुनरावलोकन

प्रस्तावना

दादरा व नगर हवेली हा दमणगंगेच्या खोऱ्यातील, समुद्रकिनारा नसलेला अवघ्या ४९१ चौ. कि.मी.चा प्रदेश. तरीही १९५१ च्या घटनादुरुस्तीनंतर पोर्तुगालने त्याची गणना आपल्या सागरपार प्रांतात केली. १९५४ मधील मुक्तिसंग्राम आणि त्यातील सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे यांचा सहभाग मराठी वाचकांस परिचित आहे. प्रस्तुत लेखात मात्र या प्रदेशावरील हक्काच्या वादाला पेशवेकालीन महसुली संज्ञेने कोणते वळण दिले, याचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

पुणे तह आणि सनदा

इंग्रज-मराठे युद्धाच्या काळात, १७७९ मध्ये, पुणे दरबार व पोर्तुगीज यांच्यात तह झाला. दमणलगतच्या प्रदेशातून वार्षिक १२,००० रुपये महसुलाची गावे पोर्तुगिजांना देण्याचे त्यात ठरले. १७८३ व १७८५ मध्ये या गावांचा ताबा देण्यात आला. पेशव्यांनी नगर हवेली पोर्तुगिजांना 'देऊन टाकली', हे विधान आपल्याकडे सर्रास केले जाते. पण नेमके काय दिले? भूमी, की भूमीचा महसूल?

हेग येथील वाद

२२ जुलै १९५४ रोजी दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. भारतीय प्रदेशाने वेढलेल्या या मुलखात दमणहून जाण्याचा मार्ग भारताने रोखला होता. त्याविरुद्ध पोर्तुगालने २२ डिसेंबर १९५५ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा दाखल केला. तहाने व सनदांनी आपल्याला सार्वभौमत्व आणि त्यायोगे मार्गाधिकार मिळाला, असे पोर्तुगालचे म्हणणे होते. तहाच्या निरनिराळ्या पाठांतील तफावतीवर भारताने बोट ठेवले व हे दान केवळ महसुलाचे होते, असे प्रतिपादन केले.

१२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने तह वैध मानला. परंतु जहागीर किंवा सरंजाम म्हणजे महसुलाचे दान असून त्याने सार्वभौमत्व हस्तांतरित होत नाही, असा निर्वाळा दिला. मात्र पुढे ब्रिटिशांनी पोर्तुगिजांची सत्ता वस्तुतः मान्य केली होती व दीर्घकालीन वहिवाटही होती. म्हणून खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व माल यांच्यापुरता मार्गाधिकार ११ विरुद्ध ४ मतांनी मान्य झाला. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रास्त्रांसाठी तो ८ विरुद्ध ७ मतांनी नाकारण्यात आला. भारताने आपल्या दायित्वाचा भंग केला नाही, हे ९ विरुद्ध ६ मतांनी ठरले. म्हणजे सनदेने जे दिले नव्हते, ते बऱ्याच अंशी वहिवाटीने दिले.

अस्मितेचा प्रश्न

या साऱ्या युक्तिवादात वारली, कोकणा, धोडिया या रहिवासी समाजांचा आवाज कोठे आहे? सनदेत गावे येतात ती महसुलाच्या आकड्यासाठी. न्यायालयात मुलूख येतो तो मार्गाच्या निमित्ताने. मुक्तीनंतर वरिष्ठ पंचायतीने कारभार पाहिला आणि ११ ऑगस्ट १९६१ रोजी प्रदेश भारतीय संघराज्यात विलीन झाला. पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते ३१ डिसेंबर १९७४ च्या करारान्वये. २६ जानेवारी २०२० पासून दमण व दीवसह हा एकच केंद्रशासित प्रदेश आहे. सत्तेच्या सीमा व नावे बदलत गेली. गुजराती, मराठी व वारली बोलींच्या संगमावरील लोकजीवन मात्र त्या सीमांत कधीच पूर्णतः बसले नाही.

निष्कर्ष

इनाम, जहागीर, सरंजाम या संज्ञांना 'दिले' या एकाच क्रियापदात कोंबणे इतिहासाध्यापकाला परवडणारे नाही. पावणेदोनशे वर्षांनंतर त्यांच्या अर्थावर दोन राष्ट्रांचा वाद उभा राहिला. म्हणूनच मोडी कागदांचे वाचन हा केवळ लिपी ओळखण्याचा विषय नसून संज्ञांचे नेमके भान देणारा अभ्यास ठरावा. आणि दुसरे असे की, कागद हक्क कोणाचा हे सांगतो, भूमी कोणाची हे नव्हे. त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तेथे राहणाऱ्यांकडेच शोधावे लागते.