घरातली पाल

पारगावातल्या आमच्या जुन्या घरात दिव्याजवळ पाल दिसली की दादी चप्पल उचलत. हजरत इब्राहीम (अ.) यांच्यासाठी पेटवलेल्या आगीवर तिने फुंकर घातली, म्हणून. ही रिवायत उम्मे शरीक यांची, सहीह बुखारीतली. पण त्याच ग्रंथात हजरत आयेशा म्हणतात, पैगंबरांनी (स.) पालीला उपद्रवी म्हटले, मारण्याचा हुकूम मात्र मी ऐकलेला नाही. दादींना ही दुसरी रिवायत कोणी सांगितलीच नव्हती! शेजारच्या हिंदू घरात पाल चुकचुकली की ‘कृष्ण कृष्ण’ म्हणत; मारत नसत.

२००८ मध्ये वरद गिरी यांनी जुन्नर तालुक्यातल्याच घाटघरच्या पालीची नवी जात म्हणून नोंद केली. वर्गात हे सांगितले, तेव्हा एका मुलीने विचारले, “सर, मग मारायची का?” आम्ही दोन्ही रिवायती फळ्यावर लिहिल्या.